ओळ एकशे चाळीस

शाळेच्या संगणक खोलीला अंबाजी सरांचं नाव देणार, हे मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं. माजी विद्यार्थ्यांच्या त्या ग्रुपमध्ये मला कुणी घातलं ठाऊक नाही. मी त्या शाळेत शिकले नाही आणि कागदोपत्री शिकवलंही नाही. कागदावर मी प्रयोगशाळा सहाय्यक, म्हणजे परीक्षानळ्या धुणारी. तर त्या दुपारी निरोप आला: 'संगणक शिक्षणाचे आद्य प्रवर्तक, राज्य पुरस्कारप्राप्त श्री. अंबाजी शिगवण सर यांच्या नामफलकाचे अनावरण.' खाली हात जोडल्याची शंभरएक चित्रं. मी फोन ताटाशेजारी उपडा ठेवला. आमटी गार झाली तरी माझा हात घासाकडे गेला नाही.

लोक म्हणतात, वय झालं की राग निवतो. कुणाचा निवत असेल. मी त्रेसष्ट वर्षांची आहे, नागावात नवऱ्यामागे नारळाची वाडी आणि पाहुण्यांच्या दोन खोल्या चालवते, पण मुळात मी मिठागरवाल्याची मुलगी आहे. मीठ नासत नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

काय झालं होतं ते आधी सांगते, म्हणजे मी पुढं जे केलं त्याबद्दल कुणी मला उगाच नावं ठेवायला नको. ठेवायची असतील तर नीट ऐकून ठेवा.

एकोणीसशे शहाऐंशी साली, मांडव्याच्या अलीकडे, खाडीकाठच्या खारेपाटातल्या आमच्या शाळेत सरकारी योजनेतून दोन संगणक आले. जाडजूड कीबोर्ड, टीव्हीसारखा पडदा, आणि प्रोग्राम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. अंबाजी सर गणित शिकवायचे. ते आतल्या भातशेतीच्या गावचे, हुशार, आवाज खणखणीत. तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आले ते जणू विलायतेहून आल्यासारखे. संगणकांसोबत शिकवण्याच्या तीन कॅसेटी आल्या होत्या. त्यातली कोणती वापरायची ते सरांनी ठरवायचं होतं. त्यांनी सगळ्यांत अवघड निवडली. का, तर प्रशिक्षणात साहेब लोक ती वापरत होते.

त्या कॅसेटचा खाक्या असा, की पोरानं एक स्वल्पविराम चुकवला तरी पडद्यावर 'मिस्टेक' असा एक शब्द यायचा आणि सगळं ठप्प. पुढं काय करायचं, ते नाही. आमची पोरं मिठागरातली, होडीवरची. त्यांना तो एवढा एकच इंग्रजी शब्द दिवसभर ऐकून घ्यावा लागायचा. परेश ठाकूर म्हणून सातवीतला एक पोरगा होता, तो एकदा कीबोर्डपुढं ढसाढसा रडला. सर म्हणाले, "ही जातच मिठाची, डोक्यात पाणी." वर्ग हसला. माझा बाप दयाराम त्याच मिठागरात पाय फोडून घेत होता. मी हसले नाही.

खोलीची चावी माझ्याकडे असायची. खाऱ्या हवेनं यंत्रं गंजू नयेत म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवायची, धूळ पुसायची, हे माझं काम. शाळा सुटली की मी दार लावून आत बसायची. यंत्रासोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोशात बघत बघत वाचायची. तेवीस वर्षांची होते, बारावी शास्त्र झालेली. चार महिन्यांत मला बेसिक भाषा यायला लागली. मग मी विचार केला, आपल्या पोरांना संगणक शिकवायला आपल्याच पोरांना कळेल असं काहीतरी हवं.

खाडीकाठच्या माणसाला एक हिशेब झोपेतही येतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. मिठागराची उघाडी, म्हणजे खाडीचं पाणी आत घ्यायचं लाकडी दार, भरतीच्या वेळेलाच उघडायची. ओहोटीला उघडली तर आत येणं राहिलं बाजूला, आतलंच पाणी खाडीत जाणार. मी त्यावर प्रोग्राम लिहिला. संगणक तिथी विचारणार. मग विचारणार, उघाडी किती वाजता उघडू? पोरानं बरोबर वेळ दिली की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची मिठाची रास उभी राहणार. बास, एवढाच. पण त्यात प्रश्न विचारणं होतं, उत्तर घेणं होतं, गुणाकार-भागाकार होता, 'असं असेल तर तिकडे जा' होतं. म्हणजे बेसिकचे पहिले चार धडे त्या एका उघाडीत बसले होते.

आणि चुकलं तर? चुकलं तर प्रोग्राम ओळ एकशे चाळीसवर उडी मारायचा. त्या काळी प्रोग्रामच्या प्रत्येक ओळीला नंबर द्यावा लागे. दहा, वीस, तीस असे. माझ्या एकशे चाळीस नंबरच्या ओळीत लिहिलं होतं: 'चुकला. सगुणाला विचार.' अक्षरं इंग्रजी, भाषा आमची. मग प्रोग्राम परत पहिल्यापासून तिथी विचारायचा. पोरं चुकायची, मान वळवायची आणि मला विचारायची. मी तिथंच फडकं घेऊन उभी असायची. परेश पहिल्या दिवशी सतरा वेळा चुकला आणि सतराही वेळा हसत हसत ओरडला, "सगुणाबाय, आता काय?" दोन वर्षांत त्या खोलीतून साठएक पोरं शिकून गेली. मी आयुष्यात केलेलं ते सगळ्यांत चांगलं काम होतं. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, खरं म्हणून सांगते.

सर मागच्या खुर्चीत पेपर वाचत बसायचे.

अठ्ठ्याऐंशीत सरांचं पुस्तक निघालं. 'मिठागरातून संगणक', लेखक अंबाजी शिगवण. चाळीस पानी, वर उघाडीचं चित्र. मधल्या पानांत माझा प्रोग्राम. त्याला राज्याचा पुरस्कार मिळाला, सर मुख्याध्यापक झाले. मी त्यांच्या खोलीत गेले. उभीच होते, बस म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "सर, हे मी लिहिलंय. निदान नाव तरी घालायचं." त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुला कोण विचारतंय गं?"

पुढच्या आठवड्यात माझ्याकडून चावी काढून घेतली. कारण लिहिलं होतं, 'यंत्रसामग्रीत अनधिकृत ढवळाढवळ.' मला ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारायला बसवलं. माझ्या कॅसेटवर कुणीतरी आरत्या भरल्या. संगणक खोली त्यानंतर तपासणीला साहेब आले तरच उघडायची. सर आत जायचे, पुस्तकातला प्रोग्राम लावून आठ टाइप करायचे, सहा टाइप करायचे, मिठाची रास दाखवायचे, साहेब माना डोलवायचे, पुन्हा कुलूप. त्या दारासमोरून मी एकतीस वर्षं ये-जा केली आणि एकदाही आत पाऊल टाकलं नाही. सरांचं ते पुस्तकही कधी उघडलं नाही. चोरीला गेलेला दागिना दुसरीच्या गळ्यात निरखत बसायची मला हौस नव्हती.

तर आता चाळीस वर्षं झाली म्हणून शाळेत सोहळा ठरला होता, आणि त्या खोलीवर सरांचं नाव कायमचं लागणार होतं. दगडावर कोरून. म्हणजे माझं काम मेल्यावरही त्यांच्याच नावावर.

निरोप आल्यावर तिसऱ्या दिवशी प्राप्ती आली. ही शाळेची आत्ताची संगणक शिक्षिका, तिशीची, स्कूटरवरून आली ती पुढ्यात भलं मोठं खोकं घेऊन. "मावशी, जुने शिपाई म्हणाले की त्या यंत्राचं तुम्हालाच माहीत." खोक्यात आमच्या दोनांपैकी एक संगणक होता. मुंबईत असली जुनी यंत्रं दुरुस्त करणारा एक छांदिष्ट माणूस तिला सापडला होता. त्यानं यंत्र चालू करून बोटीनं मांडव्याला पाठवलं होतं, टॉवेलात गुंडाळून. सोहळ्यात आजच्या मुलांनी या यंत्रावर पहिला धडा गिरवायचा, अशी ट्रस्टची कल्पना होती. तेव्हाच्या तिन्ही कॅसेटींतले प्रोग्राम आणि सरांचं पुस्तक तिच्याकडे होतं.

"या चारांतलं नवशिक्याला सोपं कोणतं, तेवढं तुम्ही निवडून द्या," ती म्हणाली.

मी टीपॉयवरची पाहुण्यांची मासिकं बाजूला केली आणि यंत्र मांडलं. कीबोर्डवर बोटं ठेवली तेव्हा ती आपापल्या जागी जाऊन बसली.

"हे बघ," मी म्हटलं, "शिकवायचं सॉफ्टवेअर निवडताना बरोबर उत्तर देऊन बघायचं नाही. बरोबर उत्तराला सगळेच शहाणे असतात. मुद्दाम चुकून बघायचं. चुकलेल्या पोराला ते काय म्हणतं, त्यावरून निवडायचं."

पहिल्या कॅसेटीत मी चुकले. 'मिस्टेक.' तीच जुनी ओळख. दुसरीत चुकले, तर यंत्रानं नुसती एक शिट्टी मारली. तिसरीत पडद्यावर एक बाण फिरवायचा होता. चुकलं की बाण पडद्याबाहेर जायचा आणि परत यायचाच नाही. मग प्राप्तीनं सरांच्या पुस्तकातला प्रोग्राम बघून बघून टाइप केला. तिथी विचारली. मी आठ दिली. वेळ विचारली. मी चार दिली.

'नो सच लाइन अ‍ॅट लाइन ९०.'

"म्हणजे?" मी विचारलं, खरं तर कळलं होतं तरी.

प्राप्तीनं पुस्तक जवळ ओढलं. "नव्वद नंबरची ओळ म्हणते, चुकलं तर एकशे चाळीसवर जा. पण मावशी, इथं एकशे तीसनंतर एकदम एकशे पन्नास आहे. एकशे चाळीस नाहीच."

मी चष्मा पुसून बघितलं. एकशे तीस. एकशे पन्नास. मध्ये कोरी जागासुद्धा नव्हती. या बाबानं माझं नाव तेवढं काढलं होतं! माझ्या नावाची ओळ नको म्हणून ती सबंध ओळच गाळली, आणि दुसरी ओळ त्या नावावर टेकलेली आहे हे त्या गणिताच्या पंडिताला कळलंच नाही. पुरस्कार देणाऱ्यांनी कधी चुकून पाहिलं नाही. त्यांच्यापुढं सर कायम आठ आणि सहा. अडतीस वर्षं ते पुस्तक मिरवत होतं, आणि एकही पोर त्यात चुकू शकत नव्हतं.

मी हसायला लागले. इतकी हसले की प्राप्तीनं पाणी आणलं.

मग तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "पण मावशी, पुरावा?"

"पुरावा तुझ्या हातात आहे. तो त्यांनीच छापलाय."

"हे फक्त एवढंच सांगतं की एक ओळ गेली. त्या ओळीत काय होतं, ते नाही सांगत."

खरं होतं. पोरगी हुशार होती. माझ्याजवळ वही नाही, कॅसेट नाही, माझा शब्द तेवढा आहे. आणि माझ्या शब्दाची काय किंमत, ते मला अठ्ठ्याऐंशीतच कळलेलं.

"मी सोहळ्याआधी एकशे चाळीस घालून ठेवते," ती म्हणाली. "साधी ओळ. 'पुन्हा प्रयत्न करा.' प्रोग्राम चालेल, कुणाची फजिती नको. सर अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत हो."

"मी त्रेसष्टची आहे," मी म्हटलं. "ऐक. मी सरांचाच प्रोग्राम निवडला असं ट्रस्टला कळव. चारांत तोच नवशिक्याला सोपा, असं माझ्या नावानं लिही. तो पुस्तकात आहे तसाच टाइप कर. एक टिंब इकडचं तिकडं नको. आणि आठ-सहा सोडून सरांना आजची तिथी घाला म्हण. सोहळ्याच्या दिवशी कोणती आहे?"

तिनं फोनमध्ये बघितलं. "माघ शुद्ध दशमी."

दशमीची पाऊणपट साडेसात. खारेपाटातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. सर भाताच्या गावचे. त्यांच्या शेतात पाणी ओढ्यातून येतं, तिथीवर येत नाही. प्रोग्राममध्ये तिथीला तीननं गुणून चारनं का भागलंय, हे त्यांनी मला कधी विचारलं नव्हतं. मला विचारण्यासारखं काही असू शकतं, हेच त्यांच्या डोक्यात कधी आलं नाही.

"मावशी, हा सूड आहे," प्राप्ती म्हणाली.

"मग? मी कुठं पूजा म्हटलं?"

ती जाताना दारात घुटमळली. मी तिला शहाळं दिलं. तिनं ते घेतलं, पण हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. पुढचे आठ दिवस मी उपाशी मांजरीसारखी घरभर फिरत होते. तिला दया आली असती आणि तिनं ती ओळ घातली असती, तर दगडावर सर कोरले जाणार होते आणि मी टाळ्या वाजवून घरी येणार होते.

दशमीला सकाळी दहा वाजता मी शाळेत पोचले. मी मोतिया रंगाची साडी नेसले होते, ठेवणीतली. सभागृह भरलेलं. माझी साठ पोरं आता पन्नाशीची, कुणाच्या ट्रका, कुणाचे कंटेनर, कुणाची किहीमला कॉटेजं, बायका सुनांना घेऊन आलेल्या. परेश ठाकूर ट्रस्टचा अध्यक्ष. सतरा वेळा चुकणारा तो पोरगा आता बारा ट्रेलरचा मालक झाला होता. मला बघून उठून उभा राहिला. "सगुणाबाय, पुढं बसा ना." मी दुसऱ्या रांगेत कडेला बसले. मला सरळ रेषेत दिसायला हवं होतं.

मंचावर मधोमध संगणक, मागच्या मोठ्या पडद्यावर त्याचंच चित्र. बाजूला मखमली कापडाखाली फलक. सर काठी टेकत आले. गाल बसले होते, मान लटलटत होती. क्षणभर मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग ते माइकपुढं उभे राहिले आणि त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, "मिठागरातल्या अडाणी पोरांना समजेल असं काहीतरी करावं, हा विचार मला एका रात्री सुचला." माझं वाईट वाटणं तिथंच संपलं.

परेश म्हणाला, "सर, पयला धडा तुमीच दाखवा. मंग पोरा बसतील."

सर खुर्चीत बसले. प्राप्तीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं रन टाइप केलं. पडद्यावर तिथी विचारली गेली. सरांचं बोट आठच्या दिशेनं गेलं.

"सर, आजची तिथी घालूया," प्राप्ती म्हणाली. हळूच, पण म्हणाली. "दशमी आहे. शुभ दिवस."

टाळ्या झाल्या. सरांनी दहा टाइप केलं. मग यंत्रानं विचारलं, उघाडी किती वाजता उघडू? सर थांबले. सभागृहात कुजबुज सुरू झाली, "साडेसात, साडेसात." बायकांच्या बाजूनं तर मोठ्यानंच आलं. सरांना ऐकू कमी येतं. साहेबांपुढं नेहमी जे केलं तेच त्यांनी केलं. सहा टाइप केलं.

'नो सच लाइन अ‍ॅट लाइन ९०.'

मोठ्या पडद्यावर, दाराएवढ्या अक्षरांत.

सरांनी पुन्हा रन केलं. पुन्हा दहा, पुन्हा सहा, पुन्हा तेच. कुणीतरी म्हणालं, यंत्र जुनं झालं. मी उठले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी पायऱ्या कळल्या नाहीत.

"यंत्र बरं आहे," मी म्हटलं. "सर, तुमच्या पुस्तकात एकशे चाळीस नंबरची ओळ नाही. चुकलेलं पोर तिकडे जायला बघतं आणि तिथं काहीच नाही. त्या ओळीत काय होतं?"

त्यांनी मला ओळखलं. मला ते डोळ्यांत दिसलं. "छापखान्याची चूक," ते म्हणाले.

"होते अशी चूक. मग आत्ता सांगा, आत्ता घालू. यंत्र चालू आहे. प्रोग्राम तुमचा आहे. काय होतं, सर?"

ते पडद्याकडे बघत राहिले. "इतक्या वर्षांनी कसं आठवणार?"

मी इथपर्यंतच ठरवलं होतं. ते गप्प बसतील, सगळे बघतील, आणि मी घरी जाईन. माझं नाव त्या ओळीत होतं असं मी स्वतःच्या तोंडानं सांगणार नव्हते. अठ्ठ्याऐंशीत सांगून झालं होतं. मी वळलेही होते.

तेवढ्यात मंचावरून परेश बोलला. माइक विसरून, मोठ्यानं. "आवं सर, आमाला सगल्यांना पाठ हाय ती! चुकला, सगुणाला विचार!"

खालून तिसऱ्या रांगेतून तेव्हाच्या पोरांतली नलू, आता पांढऱ्या केसांची, ओरडली, "चुकला! सगुणाला विचार!" मग मागून, मग कडेनं. ट्रकवाले, कंटेनरवाले, सुनांच्या सासवा. पन्नाशीची माणसं सातवीतल्यासारखी एका सुरात ओरडत होती आणि हसत होती. हसता हसता परेशचं हसू हळूहळू थांबलं. त्यानं टेबलावरचं पुस्तक उचललं, मधलं पान काढलं, बोट ठेवून आकडे वाचले. एकशे तीस. एकशे पन्नास. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग सरांकडे. मग बाकीच्यांनाही एकेक करून कळत गेलं.

"सर," परेश म्हणाला, "ही एकशेचालीसची वल तुमी काडली?"

सरांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. प्राप्तीनं माझ्याकडे बघितलं. ती पुढं झाली, "मी टाइप करते."

"नको," मी म्हटलं. "प्रोग्राम सरांचा आहे. सर टाइप करतील."

कुणीही मला अडवलं नाही. सरांनी एका बोटानं टाइप करायला सुरुवात केली. एकशे चाळीस. मग प्रिंट, म्हणजे पडद्यावर छापायचा हुकूम. मग 'चुकला'. मग त्यांचं बोट कीबोर्डवर भिरभिरायला लागलं.

"एस डावीकडे आहे, सर," मी म्हटलं. "मधल्या रांगेत."

एस. ए. जी. मोठ्या पडद्यावर एकेक अक्षर पडत होतं आणि अख्खा खारेपाट ते वाचत होता. यू. एन. त्यांनी एन दोनदा दाबला.

"पुसा," मी म्हटलं. "नीट लिहा."

त्यांनी पुसलं. नीट लिहिलं. प्राप्तीनं रन केलं. तिथी, दहा. उघाडी किती वाजता? सरांना अजूनही ठाऊक नव्हतं. कुणीही कुजबुजलं नाही आता. त्यांनी सहा टाइप केलं.

'चुकला. सगुणाला विचार.'

फलक कापडाखाली तसाच होता. परेशनं त्याच्याकडे पाठ केली होती. सर पडद्याकडे बघत बसले, मग काठीवर जोर देऊन खुर्चीतून अर्धे वळले. ओठ हलले, पण काय म्हणाले ते मला, दोन हातांच्या अंतरावर उभी असूनही, जेमतेम ऐकू आलं.

"उत्तर काय, सगुणाबाई?"

मी पदर सारखा केला. टेबलावरचा माइक उचलून त्यांच्या तोंडापुढं धरला.

"यात बोला, सर," मी म्हटलं. "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही, मला कोण विचारतंय ते."